दबोराबाईंची फ्रेंच

शिरूरच्या मिशन दवाखान्यातल्या नर्स दबोराबाई फ्रेंच शिकायला लागल्या, तेव्हा गावानं त्यांना सरळ वेड्यात काढलं. गावाला वेड्यात काढायला कुणीतरी लागतंच. मी मिशनच्याच शाळेत मास्तर आणि त्यांचा शेजारी, म्हणून त्यामागचं कारण मला ठाऊक होतं. ते ऐकल्यावर हसायची कुणाची छाती झाली नसती.

कारण होतं रोशाबाई. या स्वित्झर्लंडहून तरुणपणी आलेल्या मिशनच्या नर्स. मानमोडीच्या तापाच्या साथीत आईबाप गेलेली तान्ही दबोरा त्यांनी उचलून आणली, बोर्डिंगात वाढवली, नर्सिंग शिकवलं. दबोराबाई त्यांना मडमआई म्हणत. रोशाबाईंचं मराठी असं, की डोळे मिटून ऐकावं तर घोडनदीकाठची बागायतदारीण बोलतेय असं वाटे. "काय रं, औषिद घेतलं का न्हाई?" असा आवाज आला की भलेभले धनगर म्हातारे गुमान कडू औषध घशाखाली घालत.

१९५९ च्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर मराठी गेलं, इंग्रजीही गेलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. उरली ती लहानपणची फ्रेंच, आणि ती समजणारं माणूस शिरुरात सोडाच, नगरच्या मिशन कचेरीतही नव्हतं. रोज दिवेलागणीला रोशाबाई दबोराबाईंचा हात धरून काहीतरी सांगायच्या. रोज तेच. समोरच्याला कळत नाही हे दिसलं की त्यांच्या डोळ्यांना पाणी यायचं.

"प्रार्थना करीत असतील," चर्चचे पाळक येशुदास म्हणायचे. कचेरीनंही ठरवून टाकलं, की ज्या गावासाठी बाईंनी जन्म घालवला तिथंच त्यांना अखेरपर्यंत ठेवायचं. चर्चमागच्या दफनभूमीतली जागासुद्धा बघून ठेवली. सगळ्यांनी बाईंच्या वतीनं सगळं ठरवलं. बाईंना मात्र कुणी विचारलं नाही.

"मास्तर, मला फ्रेंच शिकायचीय," दबोराबाई एक दिवस मला म्हणाल्या. "ती काय मागती हाय ते मला कळायलाच पायजे. पाणी मागत असंल तर पाणी. शिव्या देत असंल तर शिव्या. पण कळू तरी दे."

मास्तर माणूस मी. भाषेचा पाया व्याकरण, हे मी ठणकावून सांगितलं आणि त्यांना पुण्याला घेऊन गेलो. अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकवाल्यानं धूळ झटकून एक जाडजूड व्याकरण काढून दिलं. कुणा इंग्रजानं इंग्रजांसाठी लिहिलेलं. दबोराबाईंचं इंग्रजी नर्सिंगपुरतं, तरी त्या नेटानं बसल्या. क्रियापदांचे तक्ते पाठ केले. पुस्तकातली वाक्यं मात्र अशी, की काकांच्या बागेत नासपतीची झाडं आहेत आणि मावशीची छत्री दिवाणखान्यात राहिली आहे.

"मास्तर, आजारी माणूस छत्रीचं कशाला बोलंल?" त्यांनी विचारलं.  शिवाय वाचलेलं आणि मडमआईच्या तोंडून येणारं यांचा काही मेळच लागेना. लिहायचं भारंभार आणि बोलायचं निम्मंच, ही त्या भाषेची रीत कागदावरून कशी कळावी?

मग दौंड. बोर्डिंगातला त्यांचा सोबती एलिया तिथं रेल्वेत गार्ड होता. त्याच्या क्वार्टरमध्ये आधी राहून गेलेल्या साहेबानं ग्रामोफोन आणि फ्रेंचच्या धड्यांच्या तबकड्या मागे ठेवल्या होत्या. सुट्टी मिळेल तेव्हा दबोराबाई एसटीनं दौंडला जायच्या, एलिया चावी द्यायचा आणि तबकडीवरचा पुरुष हॉटेलात खोली मागायचा. बाहेर इंजिनांचं शंटिंग चाललेलं. दबोराबाई कान देऊन त्याच्यामागून म्हणत. त्या तबकड्यांनी त्यांची जीभ वळवली, एवढं खरं. पण रोशाबाईंना हॉटेलात खोली नको होती.

खरा मार्ग घरातच होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तशी आमची गत. रोशाबाईंचे लोकरी कपडे उन्हात घालायला ट्रंक उघडली, तर तळाशी त्यांचं लहानपणचं फ्रेंच शास्त्र, म्हणजे बायबल. आमच्याकडं संडेस्कूलमध्ये वचन अध्याय-ओवीच्या आकड्यांसकट पाठ म्हटलं की रंगीत चित्राचं कार्ड मिळतं. दबोराबाईंनी लहानपणी अशी कार्डांची चळत जमवली होती. आता त्यांनी आपलं मराठी शास्त्र डावीकडं ठेवलं, फ्रेंच उजवीकडं. आकडे दोन्हीकडं तेच. डावीकडचं वाचायचीही गरज नव्हती, ते पोटात होतंच. कोश नको, मास्तरही नको. मला जरा राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण अर्थ शास्त्रानं दिला, उच्चार तबकडीनं दिला, आणि शब्दांची रूपं अडली की ते छत्रीवालं पुस्तकही उघडावं लागायचंच.

आणि घोळ झाला तोही यातूनच. पेज भरवताना दबोराबाईंनी पहिल्यांदा धीर करून फ्रेंच वाक्य बोलून बघितलं. शब्द शास्त्रातले, त्यामुळं देवदूतानं एखाद्या संदेष्ट्याला आज्ञा करावी तसं ते निघालं. ऊठ आणि भोजन कर! रोशाबाई बघतच राहिल्या. मग अर्धा चेहरा हसायला लागला, पेज उशीवर सांडली. झटक्यानंतर त्या पहिल्यांदा हसत होत्या. हसू ओसरल्यावर त्यांनी हळूहळू घरात म्हणतात तसं साधं वाक्य म्हणून दाखवलं, दबोराबाईंकडून घोकून घेतलं, आणि चुकल्यावर डाव्या हातानं चापट मारली. बोर्डिंग पुन्हा सुरू झालं. दबोराबाई त्या दिवसांत पोरीसारख्या दिसायला लागल्या होत्या.

नाताळ आटोपला आणि एका दिवेलागणीला ते रोजचं बोलणं त्यांना लख्ख कळलं. रोशाबाई म्हणत होत्या, मला घरी ने. माझ्या बहिणीकडे. त्यांची धाकटी बहीण स्वित्झर्लंडात डोंगरातल्या गावी गाई पाळून होती.

दबोराबाईंनी जुळवाजुळव करून विचारलं, "हे पण तुझं घरच ना?"

रोशाबाईंनी मान हलवली. नाही.

दबोराबाई बाहेर आल्या आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसल्या. मी कुंपणापलीकडून बघत होतो. एवढ्या मायेनं शिकून हातात काय पडलं, तर हे. मला रोशाबाईंचाच संताप आला होता.

पाळकांना सांगितलं तेव्हा ते चपापले. "आजारी माणसाचं बोलणं ते, बाई. आणि तुमची फ्रेंच ती केवढी! कुणाला बोलू नका. लोकांचं मन मोडंल."

"माझं तर पहिलंच मोडलं, पाळकसाहेब," दबोराबाई म्हणाल्या. "पण आयकलंय ते न आयकल्यागत कसं करू?"

त्या स्वतः नगरला गेल्या आणि कचेरीच्या बाकावर ठाण मांडून बसल्या. शेवटी कचेरीनं मानलं. एक मिशनरी जोडपं रजेवर निघालं होतं. ते नगरहून गाडीनं दौंडला येणार, तिथं रोशाबाईंना बरोबर घेणार, आणि मुंबईहून बोट.

दौंडच्या फलाटावर एलियानं स्ट्रेचरची सोय केली होती. शिरूरहून निम्मं मिशन आलं होतं. दबोराबाईंनी डब्यात अंथरूण घातलं, मडमआईला निजवलं, डोक्याखाली दोन उशा दिल्या. बरोबरच्या मिशनरी मडमेला त्यांनी पाणी, कूस, दुखतंय, थंडी यांचे फ्रेंच शब्द पुन्हा पुन्हा म्हणून दाखवले. रडल्या नाहीत.

त्या गाडीच्या गार्डनं शिट्टी दिली. दबोराबाई उतरून खिडकीशी उभ्या राहिल्या. रोशाबाईंनी चमकून त्यांच्याकडं बघितलं, डावा हात गजांतून बाहेर काढला आणि काहीतरी विचारलं. दोनच शब्द असतील. दबोराबाई पांढऱ्याफटक पडल्या. मग त्यांनी एका शब्दात उत्तर दिलं. गाडी हलली तरी तो हात बाहेरच होता.

परतीच्या एसटीत न्हावरं गाव मागं पडलं. शेवटी मीच विचारलं, काय म्हणाल्या बाई?

"तू येतीस ना, म्हणाली. तिला वाटलं हुतं, मी बरोबर हाय." दबोराबाईंनी पदर तोंडावर ओढला. "कळलं न्हाई असं दाखवून हसता आलं असतं, मास्तर. गाडी तर सुटलीच हुती. पण आठ महिने सगळ्यांनी तिला तसंच हसून दाखवलं. मी तिला 'न्हाई' असं म्हणाले."