सिंगापूरला यायचा बरा महिना

"तुमच्याकडे थंडी कधी पडते गं?" आई पुण्याहून फोनवर दर वेळी विचारायची आणि मी दर वेळी चिडायचे. सिंगापूरला थंडी पडतच नाही, हे तिच्या पचनी पडत नव्हतं. बाबांना दमा, म्हणून त्या दोघांना आणायला बरा महिना शोधायचं काम मी अंगावर घेतलं होतं. डिसेंबरात इथे पावसाची झड लागते आणि ओल बाबांना सोसत नाही. एप्रिलमध्ये घामाच्या धारा, शिवाय आईची वाळवणं. सप्टेंबरात शेजारच्या देशातल्या जळत्या रानांचा धूर येईल ही धास्ती, आणि नेमका तेव्हाच पितृपक्ष, म्हणजे आई प्रवासाला निघणारच नाही.

सेम्बावांगच्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीतून मी सकाळ-संध्याकाळ आभाळ बघायचे, मग मोबाइलवर हवेतल्या प्रदूषणाचा आकडा. "मम्मा, इथे रोज सेमच असतं लाह," लेक इथल्या सिंगापुरी ढंगात वैतागायची. तरी मी आईला सांगायचे, "एवढ्यात नको, जरा थांबू या."

परवाही मी तेच सांगायला लागले, तर बाबांनी आईच्या हातून फोन घेतला. एरवी ते फोनवर बोलत नाहीत, लगेच धाप लागते.

"तिकडचा महिना तू बघत बस," ते थांबत थांबत म्हणाले. "इकडे मला अजून जिना उतरता येतोय. तोवर बोलाव."