बंद दाराआडचा तास

मी जन्मले तेव्हा मला शौचाची वाटच नव्हती. डॉक्टरांनी आधी पोटावर तात्पुरती वाट काढली, मग पुढच्या ऑपरेशनांत खाली जागा तयार केली. पण ती जागा धरून ठेवायला कधीच शिकली नाही. शाळेत कोणी खिडकी उघडली तरी मला वाटायचं, माझाच वास आला असणार. शेजारची मुलगी बाक बदलून बसली की दुपारभर मी तिच्या तोंडाकडे बघत राहायचे.

कॉलेजात असताना एका नर्सबाईंनी उपाय शिकवला. रोज संध्याकाळी मिठाचं कोमट पाणी टांगलेल्या पिशवीतून नळीने आत सोडायचं आणि पोट रिकामं होईपर्यंत बसून राहायचं. तासभर जातो, पण मग दुसऱ्या संध्याकाळपर्यंत मी चारचौघींसारखी असते. त्या तासाच्या जोरावर मी उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात चेकिंगला लागले, लग्नालाही हो म्हणाले. नवऱ्याला आधीच सगळं सांगितलं होतं. आईला नंतर सांगू, असं तो म्हणाला; ते नंतर काही आलं नाही.

मांजर्लीत नदीजवळ आमचं घर, तळमजल्यावर. रोज तासभर बाथरूमचं दार बंद, हे सासूबाईंच्या डोळ्यांत खुपू लागलं. आधी त्यांनी पाणी किती जातं हा विषय काढला, मग आत मोबाईलवर बोलत बसतेस का, असं विचारलं. एकदा मी बाहेर आले तर माझा फोन त्यांच्या हातात. "इथंच ठेवून गेली होतीस," त्या म्हणाल्या. आवाजात थोडी निराशाच होती.

शेवटी एका संध्याकाळी त्या दारातच उभ्या राहिल्या. "आतमधी तासतास काय करतेस? खरं सांग मला."

मी सांगितलं. पिशवी, नळी, सगळं काढून दाखवलं. त्यांनी नळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग दुखतं का, एवढंच विचारलं आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

त्या हे कोणाला सांगणार नाहीत, यावर माझा विश्वास बसेना. त्या फोनवर बोलू लागल्या की मी नळ बंद करून ऐकायचे. त्यांनी पानात जास्तीची पोळी वाढली तरी वाटायचं, ही कीव आहे, आता हे बाहेर जाणार.

त्या पावसाळ्यात उल्हास नदीचं पाणी घरात शिरलं. आम्ही कात्रपला सासूबाईंच्या बहिणीच्या, म्हणजे मावशींच्या, फ्लॅटवर गेलो. घर माणसांनी भरलेलं, संडास एकच. संध्याकाळ झाली, माझ्या तासाची वेळ आली. तेवढ्यात सासूबाई बहिणीला बाजूला घेऊन कुजबुजल्या आणि ती बहीण वळून माझ्याकडे बघू लागली.  सांगितलं हिने. मी नवऱ्याला म्हणणार होते, मला अंबरनाथला आईकडे सोड.

तोच सासूबाई पोट धरून पुढे आल्या. आपलं पोट बिघडलंय, चक्कर येतेय, सूनबाईला सोबत नेते, वेळ लागेल, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. जाता जाता माझी पाण्याची पिशवी आणि नळी त्यांनी पदराखाली घेतली.

आत पिशवी टांगायला काहीच नव्हतं. त्या दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि हात वर करून पिशवी धरली. हात भरून आला की दुसऱ्या हातात घ्यायच्या. कोणीतरी दार वाजवलं.

"अजून वेळ हाय रे," त्या म्हणाल्या. "माझं पोट लई बिघडलंय."

मग मागे न वळता त्यांनी विचारलं, लहानपणी तुझी आई हे कसं निभावायची? तेव्हा हा उपाय माहीतच नव्हता, आई शाळेत कपडे घेऊन यायची, मी सांगितलं. त्यांनी पिशवी आणखी थोडी वर धरली.

पाणी ओसरल्यावर आम्ही घरी आलो. तरी पुढे कितीतरी दिवस मावशी भेटल्या की मी त्यांचा चेहरा वाचत राहायचे. परवा एका हळदीत त्या पुन्हा भेटल्या. सगळ्यांच्या पानात तिखट रस्सा पडत होता. मावशींनी मात्र सासूबाईंसमोर दहीभात ठेवला आणि पंगतीला सांगितलं, हिचं पोट नाजूक, पुराच्या वेळी आमच्याकडेही बिघडलं होतं.

सासूबाईंनी तो मुकाट्याने खाल्ला.