पितळी पळीची जाहिरात

आमच्या मासिकाची सोळा पानं भरायला मला कधी अडचण पडली नाही. अडचण असायची ती छापून आणायची. तंजावरचं राज्य खालसा होऊन दोन पिढ्या उलटल्या होत्या. मी कलेक्टर कचेरीत दिवसभर इंग्रजी खर्डेघाशी करत होतो, आणि तरी इथल्या मराठी घरांचं स्वतःचं एक मराठी मासिक असावं अशी खाज मला होती. वर्गणी मागायला गेलं की लोक आदरानं बसवायचे, कॉफी द्यायचे आणि आपली भाषा टिकली पाहिजे असं तमिळमध्ये सांगायचे. वर्गणीचं मात्र पुढच्या महिन्यात बघू म्हणायचे.

म्हणून मी जाहिरातींच्या मागे लागलो. मद्रासच्या वर्तमानपत्रात जाहिरात देणं आमच्या पेठेतल्या दुकानदारांच्या आवाक्याबाहेरचं होतं. आमच्याकडे एका धोतरजोडीच्या किमतीत अर्धं पान मिळे. तिरुवैयारचा वीणा दुरुस्त करणारा, सांधेदुखीचं तेल विकणारा वैद्य, कॉफी भाजून देणारा, बैलगाड्या भाड्यानं देणारा, असे चारदोन जण मी जोडे झिजवून मिळवले. यांतल्या एकालाही आमची अक्षरं वाचता येत नव्हती. मी त्यांची जाहिरात त्यांना तमिळमध्ये वाचून दाखवायचो आणि ते मान डोलवायचे.

हे सगळं कशासाठी, तर अक्कासाठी. निदान मी स्वतःला तसं सांगत होतो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माझ्याकडे आली ती कायमचीच. आमचे वडील ओरत्तनाडच्या छत्रात, म्हणजे राजांनी बांधलेल्या अन्नछत्रात, कोठारावर होते. तिथं येणाऱ्या-जाणाऱ्या यात्रेकरूंच्या पंगती बघत ती वाढली, आणि वडिलांनीच तिला लिहायला शिकवलं. त्या छत्रातल्या आठवणी ती आमच्या मासिकात दर महिन्याला लिहायची. दुपारी माजघरात पाय पसरून बसायची, मांडीवर पाट घ्यायची आणि ओठ हलवत लिहायची. तेवढा वेळ तिच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते एरवी दिसत नसे. मासिक बंद पडलं तर तेही बंद पडणार, याची मला धास्ती होती.

आमची सगळ्यांत मोठी जाहिरात भांड्यांच्या दुकानाची. ती गेली तर मासिकच गुंडाळावं लागलं असतं. दुकानाचे मालक चेट्टियार सज्जन माणूस, पण एक दिवस त्यांनी मला समोर बसवून सरळ विचारलं, की हे तुमचं पुस्तक कोणी वाचतं तरी का? मी म्हटलं, वाचतात म्हणजे काय! ते हसले. म्हणाले, "मग एक करू. जाहिरातीभोवती चौकट घाला. ती कापून आणेल त्याला मी एक पितळी पळी फुकट देईन. कोण कोण येतं ते बघू. आणि चौकट सगळ्यांत जास्त वाचलं जाणारं जे पान असेल त्याच्या पाठीमागे घाला."

सगळ्यांत जास्त वाचलं जाणारं पान अक्काचं, असं मीच त्यांना पूर्वी छाती फुगवून सांगितलं होतं.

अंक निघाला. आठवडा गेला तरी दुकानात एक माणूस फिरकला नाही. तेव्हा मी रजा काढली आणि भर उन्हात मेल वीथी या रस्त्यावरची मराठी घरं एकेक करून पालथी घातली. कात्री बरोबरच नेली होती. एका घरी अंकाचं वेष्टनही फोडलेलं नव्हतं. एका घरी तो लोणच्याच्या बरणीखाली होता. तिथल्या बाई म्हणाल्या, "आम्हांस अक्षर लागत नाहीं हो, राव. तुम्ही सांगा, ऐकतों." मी पळीचं सांगितलं. "फुकट? मग तें कोठें आहे, दाखवा की!" मी पान काढलं, चौकट कापली आणि त्यांच्या हातात दिली. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. संध्याकाळपर्यंत अंगठ्याला फोड आला. स्वतःच्याच मासिकाला अशी गिऱ्हाइकं गोळा करत हिंडताना मला मनापासून शिसारी आली होती, पण आता माघार घेता येत नव्हती.

चार दिवसांनी दुकानात गेलो. चेट्टियार खुशीत होते. त्यांनी चौकटींनी भरलेला डबा माझ्यापुढे ठेवला आणि पळीच्या चौकटीसकट वर्षभराची जाहिरात कबूल केली. मी सहज एक कागद उचलून उलटा केला. पाठीमागे आठ ओळी होत्या. अक्कानं तिच्या नवऱ्याच्या शेवटच्या दिवसाविषयी लिहिलेल्या. तो विद्यार्थी म्हणून छत्रात जेवायला यायचा, तिथंच वडिलांनी त्याला जावई म्हणून हेरलं, इथवर ती मागेच लिहून चुकली होती. पुढचं लिहायला तिला तीन महिने लागले होते; तोवर ती दुसऱ्याच आठवणी देत राहिली. मी दुसरा कागद उलटला, तिसरा उलटला. सगळीकडे त्याच आठ ओळी. पानं मीच लावली होती आणि कात्रीही मीच चालवली होती, पण चौकट सोडून मी दुसरं काही पाहिलंच नव्हतं. मला लाज वाटली.

"मागे काय लिहिलं आहे?" चेट्टियारांनी विचारलं.

"आमच्या घरचंच काही आहे," मी म्हटलं.

घरी आलो तेव्हा अक्का मागच्या ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "चिठ्ठ्या आल्या काय?"

"आल्या. डबाभर आल्या."

"सगळ्यांनीं कापलें म्हण की."

म्हणजे तिला ठाऊक होतं. अंक आला त्याच दिवशी तिनं ते पान उजेडात धरून पाहिलं असणार, आणि तरी ती बोलली नव्हती. मी तिथंच पायरीवर बसलो.

"मधल्या ओळी कोठें गेल्या म्हणून कोणी विचारिलें काय रे?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण ते रचण्याइतकंही बळ उरलं नव्हतं. नाही म्हटलं. तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "पुढल्या महिन्यासही ती चौकट माझ्याच पानामागें घाल. दुसऱ्याचें कशास फाडायचें? चौकट केवढी आणि कोठें पडते, तेवढें आधीं सांग मला."

मला वाटलं, कापलं जाईल तिथं ती काहीतरी फालतू मजकूर घालील आणि आपलं लिहिणं वाचवील. मी माप दिलं.

पुढच्या अंकाचं प्रूफ नेहमीप्रमाणे माझ्याकडे तपासायला आलं. आमच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला संस्कृतामुळे अक्षरं ओळखू यायची, मराठीचा अर्थ लागायचा नाही. त्यामुळे छापण्याआधी सगळा मजकूर समजून वाचणारा मी एकटाच. हे अक्काला पक्कं माहीत होतं. छत्रातल्या स्वयंपाकघराची हकीकत चालली होती आणि मध्येच, अगदी चौकटीच्या मापात, तिनं लिहिलं होतं: "भावाच्या घरीं येऊन मला एकोणीस वर्षें झालीं. इतक्या वर्षांत मी जेवलें काय, म्हणून मला कोणी विचारिलें नाहीं."

मी ते दोनदा वाचलं. काना-मात्रेचीसुद्धा चूक नव्हती. सही करून प्रूफ परत पाठवलं.

त्या दिवशी पानावर बसलो तेव्हा विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. अक्का वाकून भात वाढत होती. मी ताक मागितलं.