बकुळीपाशी थांबलेला देव

डहाणूच्या देवळात मी कीर्तनाला उभा राहिलो की मंडपाच्या शेवटच्या खांबाला टेकून बसलेले प्राध्यापक नविन चुरी दिसत. घोलवडला त्यांची चिकूची वाडी. सारी हयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेला हा माणूस माझे एकही कीर्तन चुकवीत नसे. नामाचा गजर चढे, मंडप टाळ्यांनी दुमदुमे, सरांचे हात मात्र मांडीवर स्थिर. बुक्का लावायला गेलो तर कपाळ प्रेमाने पुढे करीत. देवापुढे जोडलेले हात मात्र मी कधी पाहिले नाहीत.

आणि गळ्यातला हार उतरवतो न उतरवतो तोच ते जवळ येऊन उभे.

"बुवा, त्या साधूची गाय दुष्काळात खात काय होती?"

"बुवा, राजा वनात गेला. मागे राणीशी बोलायला कोण होतं?"

मला सुचेल ते उत्तर मी देई. ते उत्तर सर स्वतःशी एकदा पुटपुटून पाहत आणि लगबगीने निघून जात. भक्तीवाचून कीर्तनाला येणारा, येऊन असे काही विचारणारा आणि उत्तर मिळताच थांबायला तयार नसलेला हा श्रोता मला कधी उलगडला नाही. नेमके काय शोधायला येत होते ते?

२०१७ च्या मार्गशीर्षात सर गेले. तेराव्यानंतर निर्मलाताईंनी, सरांच्या पत्नीने, निरोप धाडला: येत्या रविवारी घरी कीर्तन करायचे आहे, यांच्या नावाने.

बोलणी करायला मी घोलवडला गेलो. ताई खिडकीजवळच्या पलंगावर बसल्या होत्या. संधिवाताने त्यांचे घराबाहेर पडणे कैक वर्षांपूर्वीच थांबले होते. समोर संदीप, सरांचा लाडका विद्यार्थी. तलासरीकडच्या डोंगरपाड्यातला, भात-नागली पिकवणाऱ्या घरातला हा मुलगा सरांच्याच घरी राहून शिकला आणि आता आश्रमशाळेत शिक्षक आहे. तो उसळूनच बोलला.

"बुवा, राग मानू नका. सरांना जन्मभर देव दिसला नाही, तो आता तुम्ही त्यांच्या फोटोला दाखवणार का?"

"फोटोला कशाला?" ताई म्हणाल्या. "मला दाखवू देत की."

"काकू, गंमत नाही. सर मानत नव्हते. गेल्यावर त्यांच्या नावाने टाळ कुटायचे, हा त्यांचा अपमान होईल. आम्ही विद्यार्थी तरी येणार नाही."

ताईंचा चेहरा उतरला. नवऱ्याच्या नावाचे कीर्तन हवे, आणि त्याच्या मुलांसारख्या विद्यार्थ्यांवाचून ते नको, अशा पेचात ती माउली सापडली. खरे सांगतो, संदीपचे म्हणणे मलाही खोडता येईना. ज्याने कधी हात जोडले नाहीत त्याच्या नावाने हरिनाम गावे, ते कोणत्या अधिकाराने? शेवटी मी मनात वर्षानुवर्षे राहिलेलेच विचारले.

"ताई, सर माझ्या कीर्तनाला का येत असत?"

"अहो, माझ्यासाठी!" ताईंना माझेच नवल वाटले. "मला का येता येतं तिकडे? हे ऐकून यायचे आणि इथे, या पलंगाशी, खांद्यावर पंचा टाकून सगळं कीर्तन करून दाखवायचे. पूर्वरंग, उत्तररंग, सगळं!"

"सर गायचे?" संदीपने डोळे विस्फारले.

"गायचे कसले, पाढे म्हटल्यासारखं म्हणायचे. मग मी मध्येच काहीतरी विचारायची. गाय काय खात होती? यांना सांगता यायचं नाही. म्हणायचे, थांब, पुढच्या वेळी बुवांना विचारून येतो."

संदीप पलंगाजवळ सरकला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे सर मानत होते की नव्हते, काकू?"

"मी कधी विचारलं नाही. तुला एवढी हौस होती तर तू विचारायचं होतंस. तुला शिकवत होते ना?"

तो हसला. "रविवारी किती वाजता?" एवढेच त्याने विचारले.

रविवारी ताईंचा पलंग ओसरीच्या दाराशी सरकवला. पेटी लागली, तबला लागला, विद्यार्थ्यांनी अंगण भरले. उत्तररंगाला मी माळ्याचे आख्यान घेतले. राजाच्या बागेतली बकुळ देवाने माळ्याकडे स्वप्नात मागितली. माळ्याने ती रातोरात मुळासकट उपटली, देवळाच्या दारी लावली. आणि पहाट झाली, सूर्य उगवला, तो बकुळ फुलांनी डवरलेली! मी चिपळ्या उंच धरल्या, गजराला तोंड उघडले...

"बुवा, असं नाही ते."

ताईच बोलल्या होत्या. तबला थांबला.

"मोठं झाड उपटून लावलं तर सकाळी फुलेल कसं? यांनी तर असं सांगितलं होतं, की सकाळी बकुळीची सगळी पानं गळली. लोक माळ्याला हसून निघून गेले. तेव्हा देव गाभाऱ्यातून उठला आणि बाहेर येऊन माळ्याशेजारी मातीत बसला. म्हणाला, तू पाणी आण, मी सावली धरतो."

कीर्तनात आयुष्य घालवले मी. फुललेल्या झाडात देव दाखवला, वाळलेल्या झाडापाशी बसवायचे कधी सुचले नाही. मी चिपळ्या खाली घेतल्या.

"आणि मग, काकू?" संदीपने विचारले.

"मग काय! एवढ्यात मला झोप लागली. आणि पुढच्या खेपेला यांनी दुसरंच आख्यान आणलं." ताई माझ्याकडे वळल्या. "पुढचं तुम्ही सांगा, बुवा."

पुढचे मलाही ठाऊक नव्हते. मी तबलजीला खूण केली, उपरणे सावरले आणि त्या निष्पर्ण बकुळीपासून सांगायला सुरुवात केली.