धोंड्याला गाडीनंच जाणार

तात्यासाहेब घराबाहेर पडले की गारखेड्यातले लोक आधी त्यांच्या गाडीची तब्येत विचारायचे, मग त्यांची. महिन्याभरात उंदरांनी तिच्या वायरी तीनदा कुरतडल्या होत्या, आणि ही खबर तात्यांच्या आधी चौकात पोचायची.

त्यात अधिकमास लागला. देवगाव रंगारीहून मेहुण्याचा, रामकिसनचा, फोन आला. "दाजी, गुरुवारी धोंडे खायला या. गाडी उंदरांनी खाल्ली असंल तर येष्टीनं या, मी येतो स्टँडवर घ्यायला."

बासष्टाव्या वर्षीही जावई तो जावईच! चौतीस वर्षं पुढच्या सीटला गुडघे घासत सासरवाडीला गेल्यावर तात्यांनी गाडी घेतली, ती मुळात याच मेहुण्याच्या नाकावर टिच्चून त्याच्या दारात उभी करायला. आता येष्टीनं उतरायचं म्हणजे जन्मभर ऐकून घ्यायचं.

तात्या इरेला पेटले. बॉनेटखाली तंबाखूच्या पुरचुंड्या बांधल्या, डांबराच्या गोळ्या टांगल्या. असा वास सुटला की शेजारची द्वारकाबाई नाकाला पदर लावून म्हणाली, "तात्या, गाडी हाय का मुतारी?"

उंदीर मात्र वाढतच चालले. मेल्यांना तंबाखूची तलफ लागली की काय, असं तात्यांना वाटू लागलं.

गुरुवारी सकाळी चावी फिरवली, तर गाडी ढिम्म. कमरोद्दीन मेकॅनिक धावत आला. त्यानं बॉनेट उघडलं आणि पोट धरून हसत सुटला.

"तात्यासाब, इधर आव! अंदर दावत चल री!"

बॅटरीशेजारी स्टीलची ताटली. तिच्यात खोबऱ्याचा तुकडा, गुळाचा खडा आणि अर्धी पोळी. पोळीला तूपसुद्धा!

तात्या गर्रकन वळले. दारात त्यांच्या सौभाग्यवती आवडाबाई उभ्या, हातात आजची ताटली.

"हे काय गं?"

"अहो, उपाशी जीव वायरी खातो. पोट भरल्यावर कशाला खाईल? अन गणपतीचं वाहन हाय ते. तंबाखू चारता व्हय त्याला?"

"कधीपासून चाललंय?"

"गाडी आली तवापासून."

"अन मी पोळीवर तूप मागितलं की डॉक्टरचं नाव सांगतीस!"

"तुमी कुठं वायरी कुरतडता?"

कमरोद्दीनच्या हातातला पाना गळून पडला. तरी त्यानं दहापर्यंत वायरी जोडून दिल्या.

बाराला तात्यांची गाडी हॉर्न बडवत देवगावात शिरली. रामकिसनच्या दारात मात्र त्याचीच एक करकरीत नवी गाडी, गळ्यात झेंडूचा हार घालून उभी! तात्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"परवाच आणली, दाजी," रामकिसन मिशीतल्या मिशीत हसला. "तुमची आली म्हणायची! बघू तरी, आत काय शिल्लक हाय?" आणि त्यानं बॉनेट उचललं.

आतून एक गलेलठ्ठ उंदीर टुणकन खाली उतरला. प्रवासानं जरा झिंगलेला. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि थेट हारवाल्या गाडीखालून वर चढून गेला.

त्या दिवशी तात्यांनी नऊ धोंडे खाल्ले.

"रामकिसन, आणखी एक वाढ," ते म्हणाले, "अन एक आमच्यासंगं आलेल्या पाहुण्याला."

"बॅटरीजवळ ठेव रे," आवडाबाई आतून म्हणाल्या, "तूप लावून."