पुलावरचा दणका

आमच्या गल्लीतल्या कमानवाल्या चाचांइतका माणसांच्या वजनाचा विचार केलेला माणूस उभ्या कोल्हापुरात दुसरा झाला नसेल. ट्रकच्या मागच्या चाकांवर लोखंडी पाट्यांची जी चळत असते, जिच्यावर सगळा भार तोलला जातो, ती कमान. ती तापवून, ठोकून, वाकवून देणं हा चाचांचा पिढीजात धंदा. त्यामुळे समोर आलेला जिवंत माणूसही त्यांना आधी माल म्हणूनच दिसे. रामराम करता करता ते तुम्हाला खालपासून वरपर्यंत बघत आणि "अठ्ठावन्न" असं काहीतरी पुटपुटत. माझ्या लग्नात नवरीला आशीर्वाद देताना ते म्हणाले होते, "पंचेचाळीस. हलकी हाय, सांभाळा मास्तर, हलकी गाडी उडती." एसटीत चढण्याआधी ते रस्त्यावर वाकून कमान बघत आणि आत गेल्यावर लठ्ठ प्रवाशांना उठवून दोन्ही अंगांना सारखे वाटून बसवत. राधानगरीच्या गाडीत त्यांनी एका फौजदाराला असंच उठवलं, तेव्हा त्याने चाचांनाच वाटेत उतरवलं. "बरंच झालं," चाचा मला नंतर म्हणाले, "त्यो डावीकडं बसला तवाच गाडी तिरकी झालती." मी तेव्हा ब्याण्णव किलोंचा शाळामास्तर. माझ्याकडे बघून ते उसासा टाकत. "मास्तर, तुमी माणूस न्हाय, खेप हाय खेप."

एकोणीसशे सत्तर-पंच्याहत्तरच्या दरम्यान आमच्या तालमीने मयतीसाठी एक जुना ट्रक घेतला. स्मशान आणि कबरस्तान दोन्ही ओढ्यापलीकडे लांब, आणि खांदेकरी म्हातारे होत चाललेले. पण ट्रक उंच. पहिल्याच खेपेला किराणावाल्या अण्णांची तिरडी वर चढवताना अशी कलली, की अण्णा मेल्यानंतर पडून जखमी व्हायचे तेवढे वाचले. तेव्हा सगळ्यांनी चाचांना गाडी खाली करायला सांगितली. त्यांनी कमानीतले दोन पाटे काढले, उरलेले भट्टीत घालून सरळ केले आणि गाडी वीतभर खाली बसवली. आता तिरडी छातीवरून अलगद आत सरकू लागली. म्हाताऱ्यांनी चाचांना दुवा दिला.

पण चाचांची एक चूक झाली होती, आणि आयुष्यभर वजनं सांगणाऱ्या माणसाची ती चूक वजनातच झाली होती. त्यांनी एक मयत आणि चार खांदेकरी एवढाच भार धरला होता. आमच्याकडे मयताच्या गाडीत अख्खी गल्ली चढते. जो चढत नाही त्याचं मेलेल्याशी वाकडं होतं, असं लोक समजतात. तीस-पस्तीस माणसं चढली की कमान पार बसायची आणि ओढ्याच्या पुलावरच्या खड्ड्यात चाकांचा आस थेट चेसिसवर, गाडीच्या सांगाड्यावर, आदळायचा. दणका असा की मयत फळीवरून उसळे आणि रडणारी माणसं क्षणभर रडायची विसरत. चाचांनी कपाळावर हात मारून घेतला. "मेलेल्याचं वजन धरलं मास्तर, गोतावळ्याचं धरायचं ऱ्हायलं की."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण चाचांचं घर त्या पुलाला लागूनच होतं आणि खिडकीखाली खाटेवर चाची पडून होत्या. मणक्याचं दुखणं, डॉक्टरांनी आशा सोडलेली. कूस बदलायची म्हटलं तरी त्यांचा जीव कासावीस होई. गल्लीतला प्रत्येक मेलेला माणूस त्यांच्या उशाशी एक दणका देऊन पुढे जाई. एकदा मी भेटायला गेलो असताना गाडी गेली. चाचींनी डोळे घट्ट मिटले. मग म्हणाल्या, "मास्तर, ह्यास्नी सांगा. मला तसं आदळत न्हिऊ नका. मेल्यावर तरी पाठ दुखू नये." चाचा दारातच उभे होते. ते बाहेर गेले आणि गाडी परत येताच तिच्याखाली शिरले.

आधी त्यांनी माणसंच कमी करायची ठरवली. मयत निघालं की मागच्या फळीपाशी उभे राहून ते लोकांना दंडाला धरून खाली ओढत, मेलेल्याच्या सख्ख्या पुतण्यालासुद्धा. "पाय हाईत न्हवं? रडत चालत ये!" पहिला मान अर्थात माझा असे. मला संताप यायचा. चारचौघांत, तेही मयताच्या दारात, कोणी आपलं वजन काढावं? पण वर्षभरात गल्ली शिकली. चाचा दिसले की लोक आपणहून खाली उभे राहत. बाहेरगावचे पाहुणे मात्र चढतच, आणि दणका काही थांबेना. चाचांनी जाड रबराचे ठोकळे घातले, तर दणका थोडा आधी बसू लागला. काढलेले पाटे परत घातले, तर गाडी उंच झाली आणि म्हातारे ओरडू लागले.

शेवटी त्यांनी त्यांच्या वडिलांनी कधीच केलं नसतं ते केलं. चेसिस कापली. आस जिथे आदळायचा तिथे चंद्रकोरीसारखी जागा काढून वरून जाड पट्टी ठोकली आणि खाली तीस माणसांना पुरतील असे सरळ, कडक पाटे बसवले. त्याच आठवड्यात चाचींचं खाणं सुटलं होतं. मी म्हणालो, "चाचा, तुम्ही त्यांच्याजवळ बसा." गाडीखालून उत्तर आलं, "बसून काय करू? तिनं जल्मात एकच काम सांगितलंय."

गाडी तयार झाली तेव्हा त्यांनी तीस माणसांच्या वजनाची वाळूची पोती भरून ती पुलावरून नेली. स्वतः दणक्यासाठी कान लावून मागून चालत गेले. मी खाटेशी होतो. बऱ्याच वेळानं चाचींनी विचारलं, "कवा जानार गाडी?"

"गेली की," चाचा दारातून म्हणाले. चाची चक्क हसल्या. पोती उतरवून गाडी परत आली तेव्हा मात्र खडखडत, उड्या मारत आली. चाचींचा चेहरा बदलला. "ती रिकामी हाय गं," चाचा घाईघाईनं म्हणाले, "रिकामी उडतीच."

तिसऱ्या दिवशी चाची गेल्या.

सगळी गल्ली आली होती. जनाजा आत सरकवला, चार माणसं चढली आणि बाकीचे साठ-सत्तर जण माना खाली घालून रस्त्यावर उभे राहिले. चाचांना चढलेलं आवडत नाही, हे आता सगळ्यांना पाठ होतं. आजच्या दिवशी तरी त्यांचं मन राखावं, एवढीच प्रत्येकाची भावना होती. चाचांनी गाडीकडे पाहिलं, मग लोकांकडे. 

"चढा की," ते म्हणाले. कोणी हललं नाही. "चढा की रं! गाडी हलकी हाय. आदळल तिला!" मग गर्दीतून त्यांनी मला शोधून काढलं आणि माझा दंड धरला. या खेपेला वर ढकलायला. "मास्तर, तुमी पयलं चढा. पाया पडतो."

मी चढलो. माझ्यामागून गल्ली चढली. चाचा रस्त्यावरून कान लावून मागे चालले. पुलावर आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला. गाडी खाली दबली, वर आली, पुढे गेली. कसलाच आवाज झाला नाही.

पुढे डॉक्टरांनी मला वजन कमी करायला सांगितलं, आणि मी केलंही. चाचांना ते आवडलं नाही. भेटले की वरपासून खालपर्यंत बघत आणि म्हणत, "अठ्ठ्याहत्तर. हळू चाला मास्तर." चाचा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या मयतीला मी परगावी होतो, गाडीत चढायला नव्हतो, याचं मला अजून वाईट वाटतं.