वहीतलं खोटं चिन्ह

भूकंपानंतरच्या वर्षांत लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले. स्पर्धा परीक्षेच्या अशाच एका क्लासमध्ये मी इतिहास शिकवायचो. भूगोल शिकवणारे सर माझ्याहून बरेच मोठे. सिंधू संस्कृतीची लिपी अजून कुणाला वाचता आलेली नाही. सरांचं म्हणणं मात्र असं, की त्यातली चिन्हं म्हणजे कारागिरांची अवजारं आहेत. मला ते पटत नव्हतं. त्यातून क्लासचे मालक त्याचा तक्ता छापणार होते, म्हणजे हा सगळा जाहिरातीचा खटाटोप असणार, असा माझा संशय.

ती चिन्हं उतरवलेली वही घेऊन सर रेणापूर, कंधारच्या कारागिरांकडे जायचे. एकदा मीही निघालो. आदल्या दिवशी त्यांच्या नकळत वहीत मी मनानंच एक चिन्ह काढून ठेवलं. दोन वाकड्या रेघा, मध्ये ठिपका. शेकडो चिन्हांत एक वाढलेलं त्यांना कळलं नाही.

कंधारला एका म्हाताऱ्या कल्हईवाल्यापुढे सरांनी वही धरली. बोट नेमकं माझ्या चिन्हावर टेकलं. "चाचा, ही तुमची सांडशी ना?"

"हाव सर, सांडशीच हाय."

सरांनी खुशीत टिपून घेतलं. ते चहा सांगायला गेले तेव्हा मी चाचांना खरं काय ते विचारलं. ते ओशाळून म्हणाले, "इतक्या लांबून येऊन राहिले ते. न्हाई कसं म्हनावं?"

परतीच्या बसमध्ये मी सरांना सगळं सांगून टाकलं. ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी वही मिटून पिशवीत ठेवली. मग म्हणाले, भूकंपात ते ढिगारे उपसायला गेले होते. कुणाचं घर हे सांगायला माणूस उरला नव्हता. ऐरण निघाली की लोहाराचं, चाक निघालं की कुंभाराचं, असं ते पडलेल्या घरांच्या यादीत लिहीत गेले.

"तिथंही चुकलो असेन," एवढंच ते शेवटी म्हणाले.

मला मान वर करवेना.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी तक्ता छापू नका म्हणून मालकांना सांगितलं. मग पुन्हा प्रत्येक कारागिराकडे गेले, या वेळी मलाही आग्रहानं सोबत घेऊन. आता ते अवजाराचं नाव घेत नव्हते. नुसतं चिन्ह दाखवून, हे काय असेल, एवढंच विचारत. बहुतेकांनी माहीत न्हाई म्हणून सांगितलं. सरांनी प्रत्येक चिन्हापुढे तेच लिहिलं.